पिनेतली हळद

"मॅडम, सापडलं का काही?"

दिलशादताई दारात उभ्या होत्या. रोजच्यासारखी खांद्याला पर्स, हातात डबा, आणि आपण उगाच त्रास द्यायला आलो असा चेहरा. माझ्यासमोर टेबलावर त्यांच्या रक्तपेढीतल्या फ्रिजची कंट्रोल पेटी आतडी बाहेर काढून पडली होती. मी मान वर न करताच म्हटलं, "सापडलं असतं तर फोन केला नसता का मी?"

त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि गुपचूप बसल्या. मला माझीच लाज वाटली. पण करणार काय? त्या पेटीने माझ्या नाकी नऊ आणले होते, आणि पेटीवर ओरडून काही उपयोग नव्हता. तेही मी करून बघितलं होतं.

गोष्ट बरीच जुनी आहे. तेव्हा मी कुपवाडच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत नोकरीला होते. 'पद्मजा चौगुले, सीनिअर इंजिनिअर' अशी पाटी टेबलावर होती. सीनिअर एवढ्याचसाठी, की दुसरं कुणी टिकलं नव्हतं. रक्तपेढ्यांचे फ्रिज असतात ना, त्यांचं डोकं आम्ही बनवायचो. फ्रिज कुठल्याही कंपनीचा असो, बाजूला बसवलेली पेटी आमची. पिशव्या किती गार आहेत ते ही पेटी बघणार, दार उघडं राहिलं की बोंब मारणार, आणि कार्ड टेकवल्याशिवाय कुणाला दार उघडू देणार नाही की अलार्म बंद करू देणार नाही.

पेटीत एक छोटा संगणक असायचा. त्या संगणकाचा सगळा कारभार जो मूळ प्रोग्राम बघतो त्याला कर्नेल म्हणतात. मेमरीतली जागा कुणाला द्यायची, कुणाकडून काढून घ्यायची, सगळं त्याच्या हातात. आणि त्याच्याच पोटातला एक भाग जे जे घडेल ते टिपून ठेवायचा: अमक्याने दार उघडलं, तमक्याने अलार्म बंद केला. याला आम्ही लॉग म्हणायचो. काही बिनसलं की आधी लॉग उघडायचा. लॉग कधी खोटं बोलत नाही, असं आमचे उपाध्ये साहेब प्रत्येक गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगायचे. त्यांना तो अधिकारही होता म्हणा. तो सगळा कोड त्यांनी स्वतः लिहिलेला होता, कंपनी एका खोलीत होती तेव्हा.

त्या वर्षी खंडेनवमीला मिरजेतल्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीत फ्रिज तापला. सकाळी हत्यारांची पूजा होती. फ्रिजच्या दाराला झेंडूची माळ बांधली, ती दाराच्या रबरात अडकली, दार पुरतं मिटलं नाही. अलार्म वाजला. पूजेच्या गडबडीत कुणीतरी कार्ड टेकवून तो बंद केला. बंद केला तो केला, दाराकडे काही बघितलं नाही. आणि एकदा बंद केला की दार नीट मिटेपर्यंत तो पुन्हा वाजायचा नाही. पुढे सगळे प्रसाद घेऊन पांगले. दुपारच्या ड्युटीला दिलशाद मुल्ला आल्या. कित्येक वर्षांच्या अनुभवी टेक्निशियन. त्यांनी फ्रिजचा आकडा बघितला आणि प्रमुख डॉक्टर पट्टणशेट्टींना उभ्या उभ्या फोन लावला. आतलं सगळं रक्त टाकून द्यावं लागलं. थॅलेसेमियाचा एक मुलगा दर महिन्याला तिथे रक्त घ्यायला यायचा, त्याला तसाच कोल्हापूरला धाडावा लागला.

अलार्म कुणी बंद केला हे बघायला डॉक्टरांनी लॉगचा कागद काढला. त्यावर नाव होतं दिलशाद मुल्ला.

म्हणजे जिने गोष्ट उघडकीला आणली, तिलाच घरी बसवलं. ट्रस्टने चौकशी समिती नेमली. आणि समितीच्या कामासाठी पेटी, कार्ड रीडर आणि जप्त केलेलं दिलशादताईंचं कार्ड असं सगळं आमच्याकडे आलं. लॉग बरोबर आहे असं कंपनीने लिहून द्यायचं होतं.

"अर्ध्या दिवसाचं काम आहे, पद्मजा," उपाध्ये साहेब म्हणाले होते.

मीही तसंच समजून बसले. लॉग उघडला, दिलशादताईंची ओळ बघितली, वेळ बरोबर, सगळं ठीक. प्रमाणपत्र टाइप करायला घेणार, एवढ्यात दोन ओळी वर नजर गेली. सकाळी कुणीतरी दार उघडल्याची नोंद होती, आणि नावाच्या जागी नुसता कचरा. तिरपी चिन्हं, उलटी अक्षरं, कशाचा कशाला मेळ नाही.

मी साहेबांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, येतो कधीमधी कचरा, लाइटचा झटका बसला असेल. मी म्हटलं, लाइटचा झटका बसला तर सगळंच बिघडेल, एकच नाव कसं बिघडेल? हे मेमरीचं दुखणं आहे. कर्नेल नको त्या जागेतलं वाचतोय. आणि वरची ओळ नासकी असेल तर खालची चांगली कशावरून?

"खालच्या ओळीत कचरा आहे का? स्पष्ट नाव आहे," साहेब म्हणाले. "वीस वर्षांत एक तक्रार नाही त्या कोडची."

मी प्रमाणपत्र दिलं नाही. तिथून माझे भोग सुरू झाले.

मेमरीची चूक शोधणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. चूक करतो एक जण आणि बोंब मारतो भलताच, तीही केव्हातरी नंतर. मी टेबलावर पेटी लावली, रीडर जोडला आणि कार्डं टेकवत बसले. दार उघड, दार लाव, अलार्म वाजव, अलार्म बंद कर. लॉग बघितला की प्रत्येक ओळ कशी लख्ख. कर्नेल कुठली जागा वाचतोय ते कळावं म्हणून मध्ये मध्ये माझे चार शब्द छापायला लावले, तर ते छापण्यानेच सगळी वेळ पुढेमागे सरकली आणि उरलीसुरली आशाही गेली. मेमरी तपासायचं एक चांगलं हत्यार असतं, ते घालायला गेले तर आमच्या पेटीत ते मावेना. इतकी टीचभर मेमरी, साहेबांनी काटकसर केलेली. काटछाट करून कसंबसं बसवलं, तर पेटी सुरूच होईना. त्यात ऑक्टोबरचं ऊन, वर पत्रा, आणि कुपवाडची लाइट. ती कधी जाईल याचा नेम नाही. गेली की माझा सगळा मांडलेला पसारा पहिल्यापासून.

आणि समोर स्टुलावर दिलशादताई.

पहिल्यांदा त्या आल्या त्या मीच बोलावलं म्हणून. त्या सकाळी नेमकं काय झालं ते मला ऐकायचं होतं. मग रोजच यायला लागल्या. घरी बसवत नाही म्हणाल्या. रक्तपेढीच्या मागच्याच गल्लीत त्यांचं घर होतं, येणारा-जाणारा खिडकीतून बघायचा. मी काम करायचे, त्या बसायच्या, मध्ये डबा उघडून मला अर्धी भाकरी द्यायच्या. माझ्या तोंडाचा पट्टा चालूच असायचा. मेलीला आज बघतेच, काशीत जा म्हणावं, असलं काहीबाही. त्या हसायच्या नाहीत, रागवायच्याही नाहीत.

त्या सकाळी त्या तिथे होत्या, हीच तर पंचाईत होती. ड्युटी दुपारची, पण दर खंडेनवमीला झेंडूची फुलं त्याच आणायच्या. त्यांच्या दिराची फुलांची गाडी होती. त्या दिवशीही फुलं दिली, आरतीला थांबल्या, प्रसाद घेऊन घरी गेल्या. कार्ड गळ्यात होतंच.

"अलार्म वाजला तेव्हा रीडरजवळ कोण होतं?" मी विचारलं होतं.

"सगळेच होते की. आरती चालली होती." असं म्हणून त्या डब्याच्या झाकणाशी चाळा करत बसल्या.

"आणि तुम्ही कार्ड टेकवलं नाहीत?"

"नाही."

हे पहिल्या दिवशी. पुढच्या वेळी विचारलं तर म्हणाल्या, बहुतेक नाही. त्यानंतर, नसेल टेकवलं. मला काळजी वाटायला लागली ती तिथून. माझ्या टेबलावर पेटीतली चूक सापडत नव्हती आणि माझ्या डोळ्यांदेखत या बाईची खात्री पातळ होत चालली होती. समितीची बैठक सोमवारी होती. दिलशादताईंची नोकरी, इतक्या वर्षांचं नाव, सगळं त्या एका ओळीवर टांगलेलं, आणि मी इकडे बटणं दाबत बसलेली.

शुक्रवारी दुपारी त्या आल्या, नेहमीचा प्रश्न विचारला, मी खेकसले, तोच हा दिवस. स्टुलावर बसून थोड्या वेळाने त्या म्हणाल्या की आता त्या येणार नाहीत. ट्रस्टच्या लोकांनी निरोप धाडला होता. चूक झाली म्हणून लिहून दिलं तर काढणार नाहीत, रिसेप्शनला बसवतील. रक्ताला हात लावायचा नाही, एवढंच.

"आणि तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"देते म्हटलं लिहून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, तुम्ही जे केलं नाही ते लिहून द्यायचं? मग मी इथे काय झक मारतेय? त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"मॅडम, केलंही असेल. इतक्या वेळा करतो आपण, हात आपोआप जातो. मशीन कशाला खोटं बोलेल? त्याला माझ्याशी काय वैर?"

मला इतका संताप आला की काय सांगू. त्यांच्यावर, साहेबांवर, त्या पेटीवर. हातात त्या वेळी रीडरची वायर होती. मी ती हिसडा मारून पेटीतून उपसली आणि रीडर टेबलावर आपटला. असलं मी कधी केलं नव्हतं. रीडरवर कुंकवाचं बोट होतं, ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं. खंडेनवमीला सगळ्याच यंत्रांवर असतं, आमच्या ड्रिल मशीनवरही होतं. पण आता वायरचं टोक माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होतं, आणि त्या पिनेच्या आत, पत्र्याच्या तोंडात, पिवळं काहीतरी अडकलं होतं.

मी टाचणीने कोरलं. बोटावर घेतलं. वास घेतला.

हळद.

पिन पेटीत घुसलेली असेल तर तिच्या तोंडात हळद जाईल कुठून?

"दिलशादताई, पूजेला हा रीडर वायरसकट काढला होता का?"

"म्हणजे काय. फ्रिजची आरती झाल्यावर पाटावर मांडला होता की. मायक्रोस्कोप, कात्र्या, चिमटे, सगळ्यांबरोबर. गेल्या वर्षीही मांडला होता."

"परत कुणी लावला?"

"मीच. दुपारी आले तर पाटावरच राहिलेला. पुसला, लावला, कार्ड टेकवून दार उघडलं, तर आत गरम."

"मग हे मला इतके दिवस सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

बरोबरच होतं त्यांचं. पूजेला हत्यार पाटावर ठेवतात, यात सांगण्यासारखं काय आहे? आणि चालू यंत्रातून रीडर उपसून त्याला कुणी हळदकुंकू वाहील, हे माझ्या किंवा साहेबांच्या बापजन्मात डोक्यात येणार नव्हतं. लॉगनेही सांगितलं नव्हतं. वायर निघाली, वायर लागली, असल्या नोंदी आम्ही केव्हाच बंद करून टाकल्या होत्या. सैल वायरींमुळे लॉग भरून जातो म्हणून गिऱ्हाइकं कटकट करायची.

मी पेटी पुन्हा मांडली. अलार्म वाजवला आणि माझ्या कार्डाने बंद केला. रीडरची वायर काढली. थोडं थांबले. वायर परत लावली आणि दिलशादताईंना म्हटलं, आता तुमचं कार्ड टेकवा. त्यांनी टेकवलं. मग मी नोंदी पुऱ्या होईपर्यंत कार्डं टेकवत राहिले आणि लॉग उघडला.

अलार्म बंद: दिलशाद मुल्ला. वेळ मात्र मी बंद केला तेव्हाची.

मी खुर्चीतून उठले आणि त्या टीचभर खोलीत दोन येरझाऱ्या घातल्या. मग त्यांना समजावून सांगितलं, कारण त्यांना समजणं फार गरजेचं होतं. म्हटलं, हे बघा, आमचा लॉग नोंद करताना माणसाचं नाव लिहीतच नाही. तो एवढंच लिहितो की मागच्या खोलीत, म्हणजे मेमरीतल्या अमक्या जागेत, जो राहतो त्याने अलार्म बंद केला. चार-पाच नोंदी साठल्या की मग एकदम खोल्यांत डोकावून नावं लिहायची, अशी त्याची पद्धत. रीडर जोडलेला आहे तोवर भाडेकरू जागच्या जागी असतो, काही बिघडत नाही. पण रीडर काढला की कर्नेल खोली रिकामी करून घेतो. परत लावला की पहिलं कार्ड ज्याचं, त्याला तीच खोली मिळते. तुमचं कार्ड पहिलं होतं. लॉग डोकावला तेव्हा आत तुम्ही होता. आणि कचऱ्याची ओळ? त्या खोलीत नवीन कुणी आलंच नाही, म्हणून कचरा.

मी दिवसभर भराभर कार्डं टेकवत होते, त्यामुळे माझ्या नोंदी लगेच साठायच्या आणि लगेच लिहिल्या जायच्या. आणि मी वायर कधी काढलीच नव्हती. मग मला ते दिसणार कसं?

दिलशादताईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी आपलं कार्ड उचलून उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी टेकवलं नव्हतं."

"नाही."

"नक्की?"

मी नक्की म्हटलं. त्यांनी पदराने चेहरा पुसला आणि डबा उघडून भाकरीचे दोन भाग केले.

उपाध्ये साहेबांना दाखवलं तेव्हा ते आधी माझ्याशी भांडले, मग चष्मा लावून स्वतःचा कोड वाचायला बसले. शेवटी म्हणाले की त्या वेळी रीडर पेटीच्या आतच असायचा, स्क्रूने आवळलेला. तो निघेल कसा? ते खरंच होतं. पुढे गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी तो वायरवर बाहेर आला आणि कोडकडे कुणी वळून बघितलं नाही. मला त्यांची कीव आली, पण लगेच त्यांनी ती घालवली. समितीला फक्त तांत्रिक शंका आहे असं सांग, म्हणाले, बाकी आपण हळूच दुरुस्त करू. इतक्या रक्तपेढ्यांत पेट्या लागल्यात, बोभाटा झाला तर कंपनीला कुलूप लागेल.

मी म्हटलं, "सर, शंका नाही, खात्री आहे. शंकेवर त्या बाईला रिसेप्शनलाच बसवतील."

साहेब तोंड फिरवून निघून गेले. शनिवारी त्यांनी स्वतःच दुरुस्ती लिहिली. नोंद करतानाच नाव पुरतं उतरवून घ्यायचं, बस्स. एवढीशी गोष्ट. आणि सोमवारी सकाळी मी पेटी रिक्षात ठेवत होते, तर गाडी काढून म्हणाले, "बस. मी येतो. माझा कोड आहे."

रक्तपेढीत समितीचे दोन ट्रस्टी आणि डॉक्टर पट्टणशेट्टी होते. डॉक्टर मोठे सचोटीचे गृहस्थ. उंच, गोरे, कडक इस्त्रीचे, स्वतः आधी वेळेवर येऊन मग दुसऱ्याला बोलणारे. दिलशादताई भिंतीला लागून उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. हातात पाकीट होतं. माफीचा कागद लिहून आणलेला, न जाणो मशीनने ऐन वेळी दगा दिला तर.

मी म्हटलं, बोलत नाही, करूनच दाखवते. पेटीत जुनाच कोड होता. फ्रिजला जोडली. त्या दिवशी जसं झालं तसं करू या म्हटलं. शिपाई कलगोंडामामांना पाट आणायला लावलं. एका ट्रस्टींना हसू आलं. मी म्हटलं, हसू नका, याच पाटाने घोळ केलाय. मग फ्रिजचं दार किलकिलं ठेवलं. अलार्म बोंबलायला लागला.

"कुणीतरी बंद करा," मी म्हटलं. "कुणीही."

डॉक्टर रीडरच्या सगळ्यात जवळ होते. एका हातात चौकशीची फाइल, दुसऱ्या हातात चष्मा. हात रिकामा नव्हता म्हणून त्यांनी सवयीने कमरेत वाकून गळ्यात लोंबतं कार्ड तसंच रीडरला टेकवलं. अलार्म थांबला. डॉक्टर मात्र तसेच वाकलेले राहिले. क्षणभरच, पण मी बघितलं.

कलगोंडामामांनी वायर काढून रीडर पाटावर ठेवला. मी परत लावला. दिलशादताईंना त्यांचं जप्त कार्ड दिलं. त्यांनी ते टेकवलं. मग मामांनी आणि मी बाकीची कार्डं टेकवली आणि मी लॉगचा कागद काढून टेबलावर ठेवला.

अलार्म बंद: दिलशाद मुल्ला.

ट्रस्टी एकमेकांकडे बघायला लागले. एक जण म्हणाले, पण आत्ता तर डॉक्टरांनी बंद केला. दुसऱ्यांनी कागद उलटा करून बघितला, जणू मागे खरं नाव असेल. उपाध्ये साहेब उठून म्हणाले की चूक आमची आहे, कोड माझ्या हातचा आहे, आणि जिथे जिथे आमची पेटी आहे तिथे आम्ही हे कळवणार आहोत. त्यांच्या कपाळावर घाम होता. मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. आता एवढंच विचारायचं राहिलं, एक ट्रस्टी म्हणाले, की मग त्या दिवशी अलार्म बंद केला कुणी. मी म्हटलं, ते लॉगमधून आता कधीच कळणार नाही, ते नाव पुसलं गेलं.

डॉक्टर अजून कागदाकडे बघत होते.

"त्या दिवशी माझ्या हातात आरतीचं ताट होतं," ते म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. त्यांनी फाइल खाली ठेवली.

"हात रिकामा नव्हता म्हणून मी असाच वाकलो होतो. मीच बंद केला." मग ते भिंतीकडे वळले. "दिलशाद, तू समोरच होतीस."

"हो, सर."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते, सर. त्याच दिवशी, तुमच्या केबिनमध्ये. तुम्ही मला कागद दाखवलात."

डॉक्टर खाली बसले. ते खोटं बोलत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्यांनी कागद वाचला आणि स्वतःला विसरले. ताठ माणूस होता, ट्रस्टींच्या देखत उठून त्याने हात जोडले. दिलशादताईंना ते बघवेना, त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

पुढचं सगळं सुरळीत झालं. माफीचं पाकीट कलगोंडामामांनी फाडून टाकलं. दोष डॉक्टरांनी स्वतःवर लिहून घेतला. दिलशादताईंना त्याच दिवशी कामावर घेतलं. मी पेटीत नवा कोड भरला, रीडर स्क्रूने भिंतीला आवळला, आणि आवरताना शेवटी त्यांच्यावर चिडलेच. इतके दिवस माझ्यासमोर बसलात, म्हटलं, डॉक्टरांना डोळ्यांनी बघितलं होतंत, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत? मी काय तुमची वैरीण होते?

"सांगणार होते पहिल्या दिवशी," त्या म्हणाल्या. "पण तो कागद बघितल्यापासून मला वाटायला लागलं, आपल्यालाच नीट दिसलं नसेल. सरांचं नाव घ्यायचं आणि ते चुकीचं निघालं तर?"

यावर मला चिडता येईना. मी म्हटलं, चला, शेवटची चाचणी. कार्ड टेकवा आणि दार उघडा.

त्यांनी कार्ड टेकवलं. दार उघडलं, गार हवा बाहेर आली. पेटीच्या छोट्या पडद्यावर ओळ उमटली: दार उघडलं, दिलशाद मुल्ला. त्या ओळीकडे त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. दार उघडंच. आता अलार्म वाजेल असं मी म्हणणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे वळून हलक्या आवाजात विचारलं,

"मॅडम, हे मीच ना?"

"तुम्हीच," मी म्हटलं. "मी बघितलं ना आत्ता."